एन्झाइमवालं लिक्विड डिटर्जंट: वरणाचा डाग गेला, हळदीचा तिथंच

जन्मभर बीएस्सीच्या मुलांकडून बायोकेमिस्ट्रीची प्रॅक्टिकलं करून घेतली, त्यामुळे बाटलीवर 'एन्झाइम पॉवर' दिसलं की ती उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. वाचलं. प्रोटिएज, अमायलेज, लायपेज. तिन्ही नावांतच काम सांगितलंय: पहिलं प्रथिनं तोडतं, दुसरं स्टार्च, तिसरं तेलतूप. ही शेवटच्या 'एज'ची रीत १८३३ साली पेयाँ आणि पर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माल्टमधून काढलेल्या, स्टार्च तोडणाऱ्या डायस्टेजपासूनची. डिटर्जंटमधलं प्रोटिएज बहुतेक वेळा सबटिलिसिन जातीचं असतं, बॅसिलस जिवाणूंकडून मिळवलेलं. त्याचा आंतरराष्ट्रीय नंबर ३.४.२१.६२. त्यातला ३ म्हणजे पाण्याच्या मदतीनं बंध तोडणारं, ४ म्हणजे प्रथिनांतले पेप्टाइड बंध, २१ म्हणजे ज्याचं काम सेरीन या अमिनो आम्लाच्या जोरावर चालतं ते, आणि ६२ हा नुसता हजेरीपटावरचा नंबर. एवढं कुणी लेबलवर छापणार नाही, पण तीन नावं छापली हेच पुष्कळ. बाकीचे 'एन्झाइम्स' एवढं लिहून मोकळे होतात.

त्याच यादीत बोरेट (बोरॉनचं संयुग) दिसलं आणि मी खूश झाले. प्रोटिएज हेही प्रथिन, शेजारचं लायपेजही प्रथिन. बाटलीत मोकळं सोडलं तर ते सगळ्यांना खाईल, स्वतःलासुद्धा. म्हणून बोरेट त्या सेरीनपाशी जाऊन बसतं आणि जागा अडवून ठेवतं. बादलीभर पाण्यात लिक्विड पडलं की बोरेट पातळ होतं, जागा सोडतं, आणि एन्झाइम कामाला लागतं. परत उलटवता येणारं इनहिबिशन, म्हणजे एन्झाइमला तात्पुरतं रोखून धरणं, शिकवायला इतकं घरगुती उदाहरण मला नोकरीत असताना सुचलं असतं तर बरं झालं असतं.

आता परीक्षा. सासऱ्यांच्या गुडघ्याचा एक जुना एक्स-रे माळ्यावर पडून होता. त्या फिल्मवरचा काळा थर जिलेटिनमध्ये असतो, आणि जिलेटिन म्हणजे प्रथिन. तीन पट्ट्या कापल्या. एक कोमट पाण्यात मिसळलेल्या लिक्विडमध्ये, दुसरी तसल्याच पण आधी खळखळ उकळून कोमट केलेल्या मिश्रणात, तिसरी थेट बाटलीतल्या दाट लिक्विडमध्ये. पहिलीवरचा गुडघा बोट फिरवताच साफ निघून आला, खाली स्वच्छ प्लास्टिक. दुसरी काळी ती काळीच. उकळल्यावर एन्झाइमची घडी विस्कटते आणि ती पुन्हा बसत नाही. तिसरीही जशीच्या तशी, तिथं बोरेट जागा अडवून बसलेलंच. म्हणून लेबलवरची 'डागावर थेट ओता आणि घासा' ही सूचना मला पटत नाही. आधी कापड ओलं करा, लिक्विड पाण्यात मिसळून लावा आणि अर्धा तास ठेवून द्या.

कपड्यांवरचा निकाल असा. नातवाच्या शर्टावरचं वाळलेलं वरण आणि दूध पहिल्याच धुण्यात गेलं. पुरणपोळीच्या तुपाचा डाग पहिल्यांदा राहिला, दुसऱ्यांदा गेला. लायपेजचं असं होतं, कापड वाळत असताना त्याचं काम जास्त चालतं आणि फळ पुढच्या धुण्यात दिसतं. हळद मात्र जाणार नाही. कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा रंग, प्रथिनही नाही, स्टार्चही नाही, तेलही नाही; तिघांपैकी कुणाचंच ते गिऱ्हाईक नव्हे. त्याला ऊनच पाहिजे. बाटलीवर चित्र मात्र पिवळ्या डागाचंच काढलंय, याचा एक तारा मी कापला.

दुसरा अर्धा तारा मशीनच्या 'क्विक वॉश'ची शिफारस केल्याबद्दल. पंधरा मिनिटांत आणि थंड पाण्यात एन्झाइमनं करायचं तरी काय? आमच्याकडे ह्यांना पांढऱ्या बनियनवर वरून ब्लीच ओतायची सवय आहे. तेही नको. सबटिलिसिनमध्ये त्या सेरीनला लागूनच, साखळीतल्या २२२ नंबरवर मेथायोनिन हे अमिनो आम्ल असतं. ब्लीचनं त्याचं ऑक्सिडेशन झालं की एन्झाइम बसलं. शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात तिथं दुसरं अमिनो आम्ल घालून टिकाऊ सबटिलिसिन केलं, पण तुमच्या बाटलीत कुठलं आहे हे लेबलवरून कळत नाही. ब्लीच करायचंच तर वेगळ्या पाण्यात, नंतर.

पैठणी, रेशमी परकर, लोकरीची शाल यांना हे लावू नका. रेशीम आणि लोकर ही प्रथिनंच, आणि डाग कुठला नि पदर कुठला हे प्रोटिएजला कळत नाही. ही सूचना बाटलीवर आहे, पण इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात. आमच्या कामवाल्या मावशींनी ती कशी वाचायची? मी मार्करनं 'रेशीम नाही' असं झाकणावरच लिहून टाकलंय.

किंमत साध्या पावडरीच्या दुपटीच्या वर जाते. घरात लहान मूल असेल तर घ्या; दोघंच असाल आणि कपडे घामाचे एवढेच असतील तर साधी पावडर चालेल. बाटली गॅलरीत उन्हात ठेवू नका, मोठा कॅन तर घेऊच नका, कारण बोरेट असलं तरी महिनोन्‌महिने पडून जोर कमी होतोच. पाचपैकी साडेतीन.