सोलापुरी वॉल हँगिंगवर जपानी रक्षक: ओनी डोळे झाकून घ्या, कोमाइनू तोंड बघून

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विक्री दालनात जकार्डवर विणलेली चार जपानी वॉल हँगिंग आली आहेत: ओनिगावारा, शाचिहोको, कोमाइनूची जोडी आणि बाकू. सगळी सुती, ३० बाय ४० इंचांची, वर दांडीसाठी नेफा आणि खाली गोंडे. विणकाम चारही नगांचं घट्ट आहे. डिझाइन मात्र दोनच नगांत जमलंय, आणि त्याचं एक कारण विणण्याच्या रीतीत आहे.

जकार्डसाठी, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागासाठी, अर्ध्याच चित्राचा आलेख (चौकटींच्या कागदावरची आखणी) काढून उरलेला अर्धा आरशातल्यासारखा उलटवला की काम निम्म्यावर येतं. चित्र मुळात दोन्ही बाजूंनी सारखं असेल, तर याने काहीच बिघडत नाही.

म्हणूनच ओनिगावारा सर्वांत सरस उतरलाय. छपराचा आढा जिथे संपतो तिथलं तोंड झाकणारं हे ओनीच्या, म्हणजे राक्षसाच्या, चेहऱ्याचं कौल. पावसाचं पाणी आत शिरू नये हे त्याचं पहिलं काम. सुरुवातीला त्यावर कमळ असायचं, नारा काळात (आठव्या शतकात) पशूचा चेहरा आला, शिंगं पुढे आली. देवळाच्या उंबरठ्यावरचं कीर्तिमुख पाहिलेल्या माणसाला हा चेहरा परका वाटणार नाही. दालनात लाल आणि करडा असे दोन रंग आहेत. करडाच घ्या. खरं कौल भट्टीत धूर कोंडून भाजतात, त्यामुळे त्यावर कार्बनचा थर बसून चंदेरी करडी झाक येते. लाल नगात ती सगळी मजा जाते.

शाचिहोकोही घेण्यासारखा. वाघाचं डोकं, माशाचं अंग, शेपूट आभाळाकडे. हा पाणी आणतो आणि लाकडी किल्ल्याला आगीपासून राखतो अशी समजूत. नागोया किल्ल्यावरची सोन्याची जोडी १६१२ची. ती १९४५च्या बॉम्बहल्ल्यात किल्ल्याबरोबर जळाली, आजची १९५९ची आहे. त्यात उत्तरेकडचा नर ११२ खवल्यांचा, दक्षिणेकडची मादी १२६ खवल्यांची. इथे दोघांना एकच आलेख वापरलाय, पण एवढ्या लहान विणीत खवले मोजता येत नाहीत, त्यामुळे खपून जातं. दात आणि मिशा सुरेख उठल्यात. जरीच्या नगापेक्षा पिवळ्या सुताचा बरा. नकली जर काळवंडते.

कोमाइनूच्या जोडीत मात्र ही उलटवण्याची रीत घात करते. देवस्थानाच्या वाटेवर समोरासमोर बसलेल्या या जोडीत एकाचं तोंड उघडं असतं, दुसऱ्याचं मिटलेलं. एक आरंभाचा ध्वनी, दुसरा शेवटचा. दोघं मिळून जोडी पुरी होते. जुन्या पद्धतीत मिटल्या तोंडाच्या प्राण्याला एक शिंगही असतं. दालनातल्या नगावर दोन्ही तोंडं उघडी आहेत. हा बारीकसारीक तपशील नव्हे, जोडीचा अर्थच त्यात आहे. दुसऱ्या तोंडासाठी वेगळा आलेख काढणं खर्चाचं असलं, तरी इथे तो खर्च करायलाच हवा होता. दुरुस्त नग येईपर्यंत थांबा. लावताना आपण समोर उभे राहिल्यावर उघडं तोंड उजवीकडे, मिटलेलं डावीकडे.

बाकू घेऊ नका. वाईट स्वप्नं खाणारा हा प्राणी देवळांच्या तुळयांच्या टोकांवर कोरलेला असतो. निक्कोच्या तोशोगू देवस्थानात तो भरपूर दिसतो. सोंड आणि सुळे आहेत म्हणून डिझायनरने सरळ हत्ती विणलाय. बाकूला कुरळी आयाळ, वाघाचे पंजे आणि बैलाची शेपूट हवी.

घेताना टेप जवळ ठेवा आणि ओनीच्या डोळ्याची उंची व रुंदी मोजा. बाणा (आडवा धागा) सैल ठोकला असेल तर चित्र उभं ताणलं जातं आणि गोल डोळा अंड्यासारखा होतो. मागची बाजूही पाहा. ओनीच्या केसांत काळे धागे अर्ध्या इंचाहून लांब मोकळे सुटलेले असतील, तर ते भिंतीच्या खरबरीत गिलाव्याला अडकून ओढले जातात आणि पुढच्या बाजूला सुरकुती पडते. असा नग घेतलाच तर मागे पातळ सुती अस्तर लावा, पण ते आधी धुऊन आटवून. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आखडतं आणि कडा आत वळतात.

दालनात मिळणारी लाकडी दांडी बारीक आहे, वजनाने मधे झोक घेते. तिच्याऐवजी १२ मिलिमीटरची स्टीलची नळी घाला, नेफ्यात ती सहज जाते. खाली गोंड्यांच्या वर, मागच्या बाजूने एक चपटी पट्टी शिवून घेतली की कापड सरळ पडतं. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळा. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात गडद रंग लवकर उडतो. धुण्याआधी ओलं पांढरं फडकं एका कोपऱ्यावर घासा. फडक्याला रंग लागला तर पाण्यात न घालता मऊ ब्रशने धूळ झाडणं एवढंच करा.