अ‍ॅनिमल हाऊसमधली नोकरी: सरकारी संस्था की खासगी चाचणी प्रयोगशाळा?

बारावी सायन्सनंतर डिप्लोमा किंवा बी.एस्सी. झूलॉजी केलं की प्रयोगासाठीच्या प्राण्यांची देखभाल करणाऱ्या टेक्निशियनच्या दोन प्रकारच्या जाहिराती समोर येतात. एक सरकारी संशोधन संस्थेची: पुण्यातली एनआयव्ही किंवा एनसीसीएस, खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, परळची एनआयआरआरसीएच अशा ठिकाणची. दुसरी खासगी प्रयोगशाळेची, जिथे औषधं, कीटकनाशकं, रसायनं बाजारात जाण्याआधी किती विषारी आहेत ते तपासतात. पद दोन्हीकडे जवळपास तेच, प्राणीही बहुतेक तेच: माईस, रॅट, ससे, गिनिपिग. कायदाही एकच. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या देखरेखीसाठी नेमलेली समिती दोघांनाही लागू आहे. तरी दिवस फार वेगळा जातो, आणि तो कसा जाईल हे जाहिरातीत कुठेच लिहिलेलं नसतं.

दिवसभर हातात काय असतं

संशोधन संस्थेत कामाचा मोठा भाग पैदाशीचा. माईसची मादी १९ ते २१ दिवसांत विते आणि साधारण २१ दिवसांची झाली की पिल्लं आईपासून वेगळी करायची. कोणती जोडी कधी लावली, किती पिल्लं झाली, त्यात नर किती, माद्या किती, कानाला कोणती खूण, सगळं केज कार्डावर. एखाद्या जनुकात बदल केलेली जात सांभाळताना एक जोडी चुकीची लागली तर एखाद्याच्या पीएच.डी.ची काही वर्षं वाया जाऊ शकतात. इथे डोकं शांत आणि हात सावकाश लागतात.

नुकतीच व्यालेली मादी असलेला पिंजरा बदलणं हे यातलं सगळ्यात नाजूक काम. आधी हातमोजे जुन्या बेडिंगमध्ये चोळून घ्यायचे, म्हणजे परका वास लागत नाही. मग आईला बाजूला घ्यायचं, पिल्लं घरट्यासकट उचलून नव्या पिंजऱ्यात ठेवायची आणि शेवटी आईला त्यांच्याजवळ सोडायचं. घाई केली, आदळआपट झाली, तर आई पिल्लं टाकते, कधी खातेही. उंदीर शेपटीला धरून उचलायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालते. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की नळीतून किंवा ओंजळीत उचललेले माईस कितीतरी कमी घाबरतात. ज्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये पिंजऱ्यांशेजारी अशा नळ्या दिसतील, तिथे तुम्हाला चांगलं शिकायला मिळेल असं खुशाल समजा.

खासगी प्रयोगशाळेत पैदास कमी, चाचण्या जास्त. इथली शिस्त जीएलपीची, म्हणजे ‘गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस’ या काम आणि नोंदींच्या नियमांची. नव्वद दिवसांची तोंडावाटे द्यायच्या मात्रेची चाचणी घ्या. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे प्रत्येक गटात किमान १० नर आणि १० माद्या. मात्रेचे तीन गट आणि एक तुलनेचा गट धरला की ८० रॅट झाले. नळीने औषध द्यायचं तर रोज ठरल्या वेळी, वजनाच्या हिशेबाने, तोंडातून घातलेल्या वाकड्या सुईने थेट पोटात. सुई अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेली तर प्राणी हातातच जातो, म्हणून हे कौशल्य येईपर्यंत कोणी एकट्याला करू देत नाही, देऊही नये. आकडा चुकला तर खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर तर नाहीच. एकच रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही, तारीख आणि कारण. ही सवय एकदा हाताला लागली की पुढे कुठल्याही प्रयोगशाळेत तुमची किंमत वाढते.

मारण्याचं काम

याबद्दल मुलाखतीत कोणी आपणहून बोलत नाही, म्हणून मी इथे बोलतो. प्राणी मारावे दोन्हीकडे लागतात. संशोधन संस्थेत ते थोडं थोडं, वर्षभर चालू असतं: जास्तीची पिल्लं, म्हातारे झालेले नर, गाठ वाढलेले प्राणी. खासगी चाचणीत शेवटच्या दिवसांत ते एकदम येतं, कारण आतले अवयव तपासल्याशिवाय चाचणी पूर्णच होत नाही. तीन महिने ज्यांना रोज हातात घेतलं, ते ८० प्राणी एक-दोन दिवसांत संपतात. काहींना रोजचं थोडं सोसतं, काहींना एकदाचं परवडतं. आपण यातल्या कोणत्या प्रकारचे हे नोकरी घेण्याआधीच स्वतःला विचारा, कारण पगारवाढीने हा प्रश्न सुटत नाही.

तुमचा शब्द चालतो का

माझ्या मते निवड इथे करायची. प्राण्याला त्रास होतोय हे सगळ्यात आधी टेक्निशियनला कळतं. अंगावरचे केस विस्कटलेले, पाठीला पोक, डोळे अर्धे मिटलेले, रॅटच्या डोळ्यांभोवती आणि नाकाशी रक्तासारखा लाल स्राव. शास्त्रज्ञ आठवड्यातून दोनदा येतो. तुम्ही रोज सकाळी तिथे असता.

खासगी जागी हे निरीक्षण रोज कागदावर उतरवणं बंधनकारक असतं, पशुवैद्य बहुधा जागेवर असतो, आणि लिहिलेलं कोणी पुसू शकत नाही. ही फार मोठी जमेची बाजू आहे. पण चाचणी मुदतीत पूर्ण व्हायचं दडपणही तिथेच जास्त. संशोधन संस्थेत संबंध मोकळे असतात, विद्यार्थी तुमच्याकडूनच प्राणी धरायला शिकतात आणि मानही देतात. पण ‘दादा, अजून दोन दिवस थांबूया, गाठ मोजायची राहिली आहे’ हेही तिथेच ऐकावं लागतं. अशा वेळी प्रयोग कुठल्या टप्प्यावर थांबवायचा हे नीतिसमितीने मंजूर केलेल्या प्रस्तावात लिहिलेलं असतं. तो कागद बघण्याचा टेक्निशियनला हक्क असावा, आणि ज्या संस्थेत तो दाखवत नाहीत तिथे मी कुणालाही जा म्हणणार नाही.

पगार, सुट्ट्या, तब्येत

कायम सरकारी पदाला सातव्या वेतन आयोगाची श्रेणी मिळते. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) संस्थांत टेक्निशियन-१ ला लेव्हल २, म्हणजे मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. पण जाहिरात नीट वाचा. बरीच पदं प्रकल्पापुरती असतात, ठोक मानधनावर, आणि प्रकल्प संपला की नोकरीही संपते. काही ठिकाणी भरती थेट ठेकेदारामार्फत होते. अशा पदाला ‘सरकारी’ समजून खासगीतली कायम नोकरी नाकारू नका. खासगीत मात्र सीटीसी (कंपनीला पडणारा तुमचा एकूण खर्च) सोडा, हातात किती पडणार ते विचारा.

रविवार, दिवाळी, गणपती, प्राण्यांना खायला लागतंच. दोन्हीकडे सुट्टीच्या दिवशी आळीपाळीने यावं लागतं. बदली रजा खरंच मिळते का, हे तिथल्याच एखाद्या जुन्या माणसाला विचारा.

अ‍ॅलर्जीचा विचार गंभीरपणे करा. माईस-रॅटच्या लघवीतल्या प्रथिनांमुळे शिंका, डोळ्यांना खाज, पुढे दमासुद्धा होऊ शकतो, आणि बहुतेकांना तो त्रास पहिल्या दोन-तीन वर्षांत सुरू होतो. प्रत्येक पिंजऱ्याला स्वतंत्र हवा असलेली जागा उघड्या पिंजऱ्यांच्या जुन्या खोलीपेक्षा कितीतरी बरी. आधीच दमा असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय रुजू होऊ नका.

ज्यांना बंद खोलीत दिवस काढायचा नाही, त्यांच्यासाठी तिसरी वाटही आहे. सर्पदंशावरचं प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनतं आणि पुणे जिल्ह्यात पिंपरी, नारायणगाव इथे हे काम चालतं. तिथे जनावर ओळखीचं होतं, वर्षानुवर्षं सोबत राहतं. जागा मात्र मोजक्याच.

दोन्ही ऑफर हातात असतील आणि सरकारी पद कायम असेल, तर ते घ्या. ते प्रकल्पापुरतं असेल आणि तुम्ही अगदी नवखे असाल, तर मी खासगी जीएलपी प्रयोगशाळा सुचवीन, कारण तिथली नोंदींची शिस्त नंतर दुसरीकडे शिकायला मिळणं कठीण. सही करण्याआधी अ‍ॅनिमल हाऊस दाखवा म्हणा. संसर्गाच्या भीतीने आत सोडणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण काचेतून बघा. बाहेरच्या बोळात अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबत असेल तर आत पिंजरे वेळेवर बदलले जात नाहीत, मग पगार कितीही सांगोत.