प्लांटेड टँकच्या वाळूखाली पीट मॉस: वापरून पाहिल्यानंतर

नर्सरीच्या दुकानात पीट मॉस या नावाने मिळणारी, बाल्टिक देशांतून आयात होणारी तपकिरी, तंतुमय भुकटी मी दोन फुटी प्लांटेड टँकमध्ये, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेल्या मत्स्यालयात, वाळूच्या थराखाली अंथरली. हे परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे. पुण्यातील आमच्या सोसायटीच्या बोअरचे पाणी जड असल्यामुळे ते काही प्रमाणात मऊ व्हावे, तसेच क्रिप्टोकोरीन आणि ॲमेझॉन स्वोर्ड यांसारख्या मुळांवाटे पोषण घेणाऱ्या वनस्पतींची वाढ सुधारावी, अशा दोन अपेक्षा होत्या. त्यांपैकी दुसरी बऱ्याच अंशी पूर्ण झाली. पहिली जवळजवळ नाहीच.

खरेदी करताना दोन गोष्टी तपासाव्यात. अनेक दुकानदार पीट मागितल्यावर कोकोपीट पुढे करतात. कोकोपीट नारळाच्या काथ्याचा भुसा असतो आणि त्यात अनेकदा पोटॅश व मिठाचा अंश असतो, तर पीट मॉस म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साठलेले स्फॅग्नम शेवाळ असून त्याचा सामू (पीएच) साधारण 3.5 ते 4.5 इतका आम्लधर्मी असतो. दुसरे असे की, कुंड्यांसाठी विकल्या जाणाऱ्या पीटमध्ये सामू वाढवण्यासाठी चुना आणि सोबत रासायनिक खत आधीच मिसळलेले असू शकते. असे पीट टँकमध्ये घालणे म्हणजे जडपणा आणि टँकमध्ये माजणारे हिरवे शेवाळ दोन्ही विकत घेणे होय. त्यामुळे पिशवीवर सामू 5.5 ते 6 असा छापलेला असेल, तर ती दुकानातच ठेवावी.

पाणी मऊ का झाले नाही, याचे कारण पीटमध्ये नसून त्याच्या जागेत आहे. पीट पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते व त्यांच्या बदल्यात हायड्रोजनचे आयन सोडते. ते बायकार्बोनेटशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि जडपणा उतरतो. ही क्रिया फिल्टरमध्ये ठेवलेल्या पीटमधून सगळे पाणी पुन्हा पुन्हा फिरते तेव्हा जाणवण्याइतकी होते. वाळूखाली मात्र पाणी जवळजवळ स्थिर असते, आणि दर आठवड्याला बदललेल्या पाण्यासोबत नवे क्षार येतच राहतात. चाचणी-संचावर मला दिसलेला फरक इतका किरकोळ होता की तो मोजणीतील चुकीत धरला तरी चालेल. मऊ पाणी हाच हेतू असेल, तर आरओचे पाणी मिसळणे हा अधिक भरवशाचा मार्ग आहे.

मुळांच्या बाबतीत मात्र तीच मर्यादा उपयोगी ठरते, कारण पीटचा आम्लपणा वर पसरत नाही, तो मुळांभोवतीच राहतो. जड, अल्कधर्मी पाण्यात लोह गंजाच्या रूपात साचून बसते आणि ते वनस्पतींना घेता येत नाही. नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे त्याचे ओळखीचे लक्षण. पीटच्या थरात प्राणवायू कमी व आम्लता जास्त असल्यामुळे लोह विद्राव्य रूपात येते, आणि कुजलेल्या वनस्पतींतील ह्युमिक आम्ले त्याला बांधून ठेवून मुळांना उपलब्ध करून देतात. माझ्या टँकमधील क्रिप्टोकोरीनची नवी पाने पूर्वीपेक्षा स्पष्टपणे गडद आली. व्हॅलिसनेरियावर काहीच परिणाम दिसला नाही. ती वनस्पती जड पाण्यातही सुखाने वाढते, त्यामुळे त्यात नवल नाही.

पीट म्हणजे खत नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. त्यात वनस्पतींना लगेच घेता येणारे नत्र आणि स्फुरद नगण्य असतात. ते आलेले अन्न धरून ठेवते, पण अन्न आपणच द्यावे लागते. म्हणून मुळांजवळ पुरायच्या खताच्या गोळ्या, किंवा जुन्या टँकच्या तळातील गाळ, त्यासोबत असणे आवश्यक आहे.

थर एक सेंटिमीटरपेक्षा जाड नसावा. कोरडे पीट पाण्यावर तरंगते, म्हणून ते आधी बादलीत भिजवून, पिळून घ्यावे. काचेपासून दोन बोटे जागा सोडून मधोमध पसरावे आणि वर किमान पाच सेंटिमीटर धुतलेली, दोन-तीन मिलिमीटरची जाड वाळू, म्हणजेच बारीक खडी, घालावी. पांढरे संगमरवरी खडे मुळीच वापरू नयेत. खडीवर लिंबाचा रस टाकून फेस आला, तर ती आम्लात विरघळून पाण्याचा जडपणा वाढवणार हे निश्चित. पीटच्या जाड थरात प्राणवायू पूर्ण संपून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होण्याचा धोका असतो.

तक्रारी दोन आहेत. सुरुवातीला पाण्याला कोऱ्या चहासारखी पिवळट छटा येते. ती माशांना अपायकारक नाही आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवल्यास जाते. अधिक त्रासदायक बाब म्हणजे मुळे पसरलेले रोप उपटले की पीट वर येऊन सगळा टँक गढूळ होतो. वारंवार मांडणी बदलण्याची हौस असलेल्यांनी, किंवा तळ उकरणारे सिक्लिड मासे पाळणाऱ्यांनी, या वाटेला जाऊ नये.

ज्यांच्याकडे मुंबईसारखे तलावांचे मऊ पाणी येते, त्यांना या थराची गरज कमी आणि जोखीम जास्त आहे. सामू स्थिर ठेवणारा कार्बोनेट जडपणा अगोदरच अल्प असल्यास सामू खाली घसरू शकतो, आणि तो सहाच्या आसपास आला की विषारी अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू मंदावतात. अशांनी थर न करता वाळूखाली केवळ चिमूटभर पीट भुरभुरावे.

किंमत कोकोपीटच्या कितीतरी पट आहे, पण ॲक्वासॉइल या टँकसाठी तयार मिळणाऱ्या पोषक मातीच्या मानाने खर्च फारच कमी येतो. लहानात लहान पिशवीही एका टँकला पुरून बरीच उरते. उरलेले पीट किलीफिश पाळणाऱ्या परिचिताला द्यावे. त्या माशांच्या काही जातींची अंडी ओलसर पीटमध्ये साठवली जातात, त्यामुळे तो ते आनंदाने घेऊन जाईल.