मागचा एक्सल बदलला, आता रेशो कुठल्या बाजूने जुळवावा?

जुन्या जीपचा मागचा क्राऊन-पिनियन (एक्सलमधली मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांची जोडी) गेला की मुंबईत पहिली फेरी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला होते. सुटा सेट शोधावा लागतो. अख्खा वापरलेला एक्सल चटकन मिळतो. मीही तोच आणला. माझ्या गाडीचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे ते, पुढे-मागे 5.38: क्राऊनला 43 दात आणि पिनियनला 8. आणलेला एक्सल निघाला 4.88 चा, 39 आणि 8. मिस्त्री म्हणाला, "साहेब, शहरात फोर-व्हील लागतो कशाला? राहू द्या." एक पावसाळा मी तसाच काढला.

त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. टू-व्हीलवर काहीही जाणवत नाही. फोर-व्हील टाकला की मात्र ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) दोन्ही एक्सलकडे जाणारे शाफ्ट एकत्र जखडते आणि हा दहा टक्क्यांचा फरक जागा होतो. पुढची चाकं 100 मीटर जाताना मागची 110 मीटर जाऊ पाहतात. चिखलात कुठलं तरी चाक घसरतं आणि हिशेब मिटतो. डांबरावर, काँक्रीटवर तो मिटत नाही. शाफ्ट आणि गिअरमध्ये पीळ साठत जातो.

आणि आपल्याकडे सलग चिखल आता उरलाय कुठे? जुलैत मुरबाडच्या पुढे एका गावाकडे निघालो होतो. थोडा चिखल, मग काँक्रीटचा पट्टा, पुन्हा चिखल. पट्ट्यावर चढलो आणि फोर-व्हील काढायला लिव्हर ओढला, तर तो हलेना. क्लच दाबून, दोन्ही हातांनी ओढूनही नाही. मागे एसटी येऊन उभी. अशा वेळी उपाय एकच, गाडी मागे घ्यायची. मागे घेताना पीळ सुटत सुटत शून्यावर येतो आणि त्या क्षणी लिव्हर सटकन निघतो. तो क्षण हुकला की पीळ उलट्या अंगाने भरायला लागतो, आणि पुन्हा पुढे जावं लागतं. एसटीच्या ड्रायव्हरने समजूतदारपणे आपली गाडी मागे घेऊन जागा दिली. त्या दिवसात हे तीनदा झालं. रेशो जुळलेल्या गाडीतही वळणावर थोडा पीळ बसतो, हे मान्य. पण चार हात मागे घेतली की ती मोकळी होते. माझा निर्णय त्या लिव्हरनेच केला: काहीही होवो, दोन्ही सारखे करायचे.

(पुढे 4.09 आणि मागे 4.10 असा जोड काही अमेरिकी पिकअपना कारखान्यातूनच येत असे. तेवढा फरक टायरच्या झिजेतही असतो, त्याची काळजी नको.)

आता प्रश्न बाजूचा. मागचा पुन्हा 5.38 करावा, की पुढचाही 4.88?

मागचा 5.38 केला तर पुढच्याला हात लावावा लागत नाही, आणि स्पीडोमीटर खरं सांगत राहतो. गाडी शेतावर, ओझ्याने, कमी वेगात चालणार असेल तर मला वाटतं हेच बरं. जुनं हौसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) शाबूत असेल तर नक्कीच.

पुढचा 4.88 करायचा म्हणजे काम मोठं. हब खोला, शाफ्ट बाहेर काढा, मग डिफरन्शियल (ज्यावर क्राऊन बसतो तो भाग) हाती लागतं. पण नाहीतरी उघडलंच आहे म्हणून नकलचे (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्याचे) सील त्यातच बदलून झाले, आणि तिथली जुनी गळती थांबली. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्या, दोन्हींवरचा नंबर एकच हवा, आणि दातांना निळा रंग लावून ते एकमेकांवर कुठे टेकतात याचा ठसा न बघता मिस्त्रीला कव्हर बंद करू देऊ नका. स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून चालतो, त्यामुळे तो आता 60 दाखवतो तेव्हा गाडी 66 वर असते. हे लक्षात ठेवावं लागतं.

मी हेच केलं. नाशिक हायवेवर 60 च्या वेगाला इंजिन मिनिटाला दोन-सव्वादोनशे फेरे कमी फिरतं, आणि शेजारच्या माणसाशी साध्या आवाजात बोलता येतं. कसारा घाटात पूर्ण भरलेल्या गाडीला एक गिअर आधी खाली यावं लागतं, ते मला चालतं. तुमचं ओझं जास्त असेल तर कदाचित चालणार नाही.

एक्सल घेताना मात्र पैसे देण्याआधी दुकानातच मोजा. एका बाजूचं हब कुणाला तरी घट्ट धरायला सांगा, दुसरं बरोबर दोन वेळा फिरवा आणि पिनियनच्या फ्लँजवर (शाफ्ट जोडायच्या बाहेरच्या चकतीवर) खडूची खूण करून तिचे फेरे मोजा. पाचवा फेरा पुरा व्हायला थोडा कमी पडला तर 4.88. पाच पुरे होऊन वर तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त गेला तर 5.38. मी हे केलं असतं तर तो पावसाळा तसा गेला नसता.