क्वेकर पूर्वजांची कुळकथा पडताळायची असेल तर : ॲन्सेस्ट्रीवरचा मीटिंग-नोंदींचा संग्रह

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या जुन्या घराण्यांत हमखास ऐकू येणारी कथा म्हणजे, आमचे मूळपुरुष १६८२ साली त्या वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याच्याबरोबर ‘वेलकम’ जहाजातून आले. त्या जहाजाची मूळ प्रवासी-यादी आज उपलब्धच नाही. मग भिस्त उरते ती मीटिंगच्या, म्हणजे क्वेकरांच्या स्थानिक मंडळींच्या, वह्यांवर. ॲन्सेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर १६८१ ते १९३५ या काळातल्या नोंदींचा संग्रह आहे, त्यात त्यांची पानं घरबसल्या वाचता येतात. स्वार्थमोर, हॅवरफर्ड अशा कॉलेजांनी त्या जपल्या म्हणून हे शक्य झालं.

नाव टाकलं की जन्म-मृत्यूच्या याद्या चटकन येतात, पण तेवढ्यावर थांबू नका. खरा ऐवज मंथली मीटिंगच्या (स्थानिक मंडळीच्या दरमहा कामकाज-सभेच्या) इतिवृत्तांत आहे. इंग्लंडहून आणलेला सभासदत्वाचा दाखला कोणत्या मीटिंगचा, हे तिथे कळतं. मात्र नव्या मीटिंगमध्ये दाखला वाचला गेला ती तारीख म्हणजे आगमनाची तारीख नव्हे, दोन्हींत बरंच अंतर असू शकतं. ‘आजोबा युद्धात उतरले म्हणून त्यांना पंथातून काढलं’ असं घरात सांगत असतील, तर तो ठराव स्वतः वाचा. पंथाबाहेर लग्न केल्याबद्दलही सभासदत्व जाई. स्त्रियांची मीटिंग वेगळी, वहीही वेगळी. लग्नाचा इरादा तिथेही सापडतो.

सर्वांत जास्त घोळ तारखांत होतो. १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि पहिला महिना मार्च धरत. ‘१२व्या महिन्याची १० तारीख, १६९९’ म्हणजे आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७००. म्हणून अनुक्रमणिकेत ‘डिसेंबर’ दिसलं की मूळ पान उघडाच, आणि टिपणात तारीख आधी जशीच्या तशी उतरवून घ्या.

‘आम्ही क्वेकर, आमच्याकडे गुलाम नव्हते’ ही समजूतही तपासायलाच हवी. फिलाडेल्फिया इयरली मीटिंगने (त्या भागातल्या सर्व मीटिंगच्या वार्षिक मुख्य सभेने) गुलाम बाळगणाऱ्यांना काढण्याचा निर्णय घेतला तो थेट १७७६ मध्ये. मुक्तिपत्रं मीटिंगच्या कागदांत मिळतात. मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या मात्र काउंटीच्या दप्तरात शोधाव्या लागतील. त्या याद्यांत माणसांपुढे किंमत लिहिलेली असते.

वर्गणी परवडत नसेल तर अमेरिकेतल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत ॲन्सेस्ट्री मोफत वापरता येतं. १८२७मध्ये पंथात फूट पडून हिक्साइट आणि ऑर्थोडॉक्स असे दोन गट झाले आणि एकाच नावाच्या दोन-दोन मीटिंग झाल्या, म्हणून दोन्ही गटांच्या वह्या मागा.