आईच्या थायरॉइडसाठी गेलो होतो, ठाण्यातलं तलावपाळीजवळचं हार्मोनचं क्लिनिक (४ स्टार)

आईला थायरॉइड कमी असण्याचा त्रास आहे, ९ वर्षं झाली. पण गेल्या दीड वर्षात काही केल्या टीएसएच (थायरॉइडच्या रक्त तपासणीतला आकडा) खाली येईना, ५० ची गोळी ७५ झाली, ७५ ची १०० झाली तरी मार्चच्या रिपोर्टात ११.८. पाय सुजलेले, दुपारी जेवली की तिथेच झोपायची, वैशाखातसुद्धा पंखा बंद करा म्हणायची. आधी जिथे दाखवत होतो तिथे दर वेळी तेच, रिपोर्ट बघायचा, डोस वाढवायचा, पुढचा पेशंट. १२५ लिहून दिली त्या दिवशी मी ठरवलं की आता हार्मोनच्या स्पेशालिस्टलाच दाखवायचं आणि ऑफिसमधल्या ताईंनी हे क्लिनिक सांगितलं. आम्ही कळव्याचे, एकाच स्टेशनचं अंतर पण आईला जिने झेपत नाहीत म्हणून रिक्षाने गेलो, गडकरी रंगायतनच्या अलीकडे उतरायचं, तिथून चालत ५ मिनिटं.

वेळ साडेसहाची होती आणि आत गेलो ८ वाजून १० मिनिटांनी. एक स्टार त्याचाच कापलाय. पहिला मजला, लिफ्ट नाही, खुर्च्या १० आणि माणसं २५, वयस्कर पेशंट येणार हे माहीत असताना निदान बसायची तरी सोय हवी. भिंतीवर शरीरातल्या ग्रंथींचा मोठा तक्ता आहे तो मी तेवढ्या वेळात पूर्ण वाचला. शाळेत अवटु ग्रंथी (म्हणजे थायरॉइड), पियूषिका ग्रंथी असं पाठ केलं होतं पण मेंदूखालची ती पियूषिका म्हणजे पिट्यूटरी जेमतेम वाटाण्याएवढी असते आणि गळ्यातल्या थायरॉइडपासून किडनीवर बसलेल्या अ‍ॅड्रिनलपर्यंत बऱ्याच जणांना कामाला तीच लावते हे काही लक्षात राहिलं नव्हतं. थायरॉइडच्या मागे पॅराथायरॉइड नावाच्या मसुरीएवढ्या चार ग्रंथी असतात, नावात थायरॉइड आहे पण काम वेगळंच, रक्तातलं कॅल्शियम सांभाळायचं, हे तर मला पहिल्यांदाच कळलं.

आत गेल्यावर मात्र वाट बघितल्याचं सार्थक झालं. मॅडमनी आधी रिपोर्ट घेतलाच नाही. आईच्या हातात पाण्याचा ग्लास दिला, घोट घ्या आणि गिळा म्हणाल्या, आणि समोर वाकून गळा बघत राहिल्या, मग मागे उभं राहून दोन्ही हातांनी चाचपलं. ९ वर्षांत आईच्या गळ्याला कोणी हात लावला नव्हता हो. मग विचारलं, "काकू, सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा, काही गाळू नका." आईने सांगितलं, उठल्या उठल्या चहा, चहाबरोबर थायरॉइडची गोळी, आणि विसरायला नको म्हणून हाडांची कॅल्शियमची गोळीही तेव्हाच. गोळ्यांची बाटली कुठे ठेवता? तर ओट्यावर, गॅसच्या बाजूला, मसाल्याच्या डब्याजवळ.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या डोस वाढवायचा नाही, गोळी पोटात जातेय पण रक्तात पोचतच नाहीये. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या हे औषध आतड्यातच धरून ठेवतात म्हणून दोन्हींत ४ तासांचं अंतर पाहिजे, चहाकॉफीनेही ते कमी शोषलं जातं म्हणून रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायचं आणि नंतर निदान अर्धा-पाऊण तास काही नाही, आणि उष्णता, उजेड, दमट हवा यांनी गोळी खराब होते म्हणून बाटली ओट्यावरून हलवायची.

मग त्यांनी रिपोर्टच्या पाठीमागे चित्र काढून जे समजावलं ते मला फार आवडलं. म्हणाल्या सोसायटीची वरची टाकी असते ना, त्यातलं पाणी म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, टी४ आणि टी३. पिट्यूटरी म्हणजे वॉचमन, टाकी कमी झाली की पंपवाल्याला म्हणजे थायरॉइडला हाक मारतो, ती हाक म्हणजे टीएसएच. टाकी भरली की हाक थांबते. पाणी जितकं कमी तितका आवाज मोठा, तुमचा ११.८ म्हणजे वॉचमन घसा फोडून ओरडतोय, नॉर्मल साधारण ०.४ ते ४. आम्ही इतकी वर्षं टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड वाढला असंच समजत होतो, आहे बरोबर उलटं! आईने त्यापायी कोबी-फ्लॉवर बंद केला होता, मॅडम म्हणाल्या शिजवून बेताने खा, मीठ आयोडीनवालं आहे ना तेवढं बघा.

परत टेस्ट ६ आठवड्यांनी. मी विचारलं एवढं का थांबायचं, तर या औषधाची रक्तातली मात्रा निम्मी व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे नवीन पातळी स्थिरावून वॉचमनचा आवाज बदलायला तेवढा वेळ जातोच, १५ दिवसांत टेस्ट केली तर पैसे फुकट.

घरी आलो आणि बाटली देवघराच्या कपाटात ठेवली, सकाळी ६ ला गोळी, पावणेसातला चहा, कॅल्शियम रात्री जेवणानंतर. ६ आठवड्यांनी टीएसएच ०.२! म्हणजे १०० ची गोळी आता खरोखर पोचत होती आणि ती आईला जास्त होत होती. मॅडमनी लगेच ७५ वर आणलं कारण या वयात हार्मोन जास्त झालं तर हृदयाचे ठोके अनियमित व्हायचा आणि हाडं ठिसूळ व्हायचा धोका असतो. १२५ चालू केली असती तर काय झालं असतं याचा विचार करून मला त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या वेळी आला २.६. आई आता संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी मारते, पंखा लावून झोपते.

फी पहिल्या वेळी १५००, नंतर ८००, महाग आहे पण अर्धा तास देतात. तिथलीच टेस्ट करा असा आग्रह नाही, कुठल्याही लॅबचा रिपोर्ट चालतो. फोन लागत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर लावा, शनिवार टाळा.

आणि जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, केसांसाठी घेता त्या व्हिटॅमिनच्यासुद्धा. माझी टेस्ट करायची होती तेव्हा मॅडमनी माझ्या बायोटिनच्या गोळ्या आधी बंद करायला लावल्या, कारण काही मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी दिसतो. मॅडम सगळ्या स्ट्रिप टेबलावर ओतून एकेक उलटी करून वाचतात.