रायझन ५ ७६००: घरी पहिला पीसी जोडणाऱ्यासाठी योग्य प्रोसेसर

मुंबईत कॉम्प्युटरच्या भागांची बाजारपेठ असलेल्या लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही दुकानात जाऊन ‘गेमिंग पीसीचं कोटेशन द्या’ म्हटलं, की पहिल्या ओळीत हल्ली बहुतेक वेळा एएमडी कंपनीचा रायझन ५ ७५००एफ किंवा ८४००एफ हा प्रोसेसर लिहिलेला असतो. ७६००चं नाव तुम्हालाच काढावं लागतं. दुकानदाराचं म्हणणं एकच: त्याला थोडे जास्त पैसे पडतात आणि गेममध्ये फरक दिसत नाही. ७५००एफच्या बाबतीत ते खरंही आहे. तरीही पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पीसी जोडणाऱ्याने ते जास्तीचे पैसे द्यावेत, असं माझं मत आहे.

७६०० जानेवारी २०२३मध्ये आला. सहा कोअर, बारा थ्रेड, ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी), ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत बूस्ट, ६५ वॉटचं रेटिंग. ही आकडेवारी ठीकच आहे. ऑगस्ट २०२४मध्ये आलेला ९६००एक्स याच्यापेक्षा वेगवान आहे. पण नवख्याची खरी अडचण वेगाची नसते. सगळं जोडून बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले आणि डिस्प्ले आलाच नाही, तर दोष रॅमचा, ग्राफिक्स कार्डाचा, मदरबोर्डाचा की एसएमपीएसचा (सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या डब्याचा)? दुकानात बदलून बघायला दुसरी रॅम, दुसरं कार्ड पडलेलं असतं. घरी एकच संच असतो. लातूरला किंवा सावंतवाडीला बसून ऑनलाइन मागवलेला भाग चुकीच्या संशयावरून परत पाठवायचा, तर कुरिअरमध्ये आठवडे जातात. म्हणून पहिल्या पीसीचे भाग निवडताना एक कसोटी लावावी: बिघाड झाला तर घरच्या घरी तो शोधता येईल का?

७६००मध्ये छोटी अंगभूत ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारा भाग, आहे. अगदी कमी ताकदीची: एएमडीच्या आरडीएनए २ रचनेची, फक्त दोन कॉम्प्युट युनिटची. गेमसाठी तिचा उपयोग नाही. पण ग्राफिक्स कार्ड न लावता, बोर्डाच्याच एचडीएमआयला मॉनिटर जोडून डिस्प्ले येतो. आला, तर प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि एसएमपीएस चारही एका झटक्यात संशयातून सुटतात. ७५००एफमध्ये ती नाही, म्हणजे डिस्प्ले आला नाही तर कार्डासकट पाचही जण आरोपी. पुढे कार्ड वॉरंटीत गेलं, तरी पीसी कामापुरता चालू राहतो, हा वेगळा फायदा.

याची एक उलटी बाजूही आहे. सगळं जोडून झाल्यावर मॉनिटरची केबल चुकून बोर्डाच्या पोर्टमध्ये राहिली, तर बहुतेक बोर्डांवर डिस्प्ले बिनतक्रार येतो, विंडोज चालतं, आणि गेम मात्र रखडू शकतो. महागडं कार्ड आत नुसतं बसून राहू शकतं. अंगभूत ग्राफिक्स नसलेल्या एफवाल्या प्रोसेसरवर ही चूक तिथल्या तिथे कळते. तेव्हा केबल नेहमी खालच्या, आडव्या पोर्टांत, म्हणजे कार्डात.

८४००एफबद्दल मात्र दुकानदाराचं ऐकू नका. नावात आकडा मोठा असला तरी एल३ कॅश १६ एमबीच आहे आणि ग्राफिक्स कार्डासाठी पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधल्या जोडमार्गाच्या, आठच लेन मिळतात. ८५००जीमध्ये तर चारच. नावातला आकडा मोठा म्हणून प्रोसेसर चांगला, हे एएमडीच्या बाबतीत बिलकुल धरून चालू नये. ७६००एक्सचं रेटिंग १०५ वॉट आहे, त्याबरोबर कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) येत नाही आणि गेममध्ये मिळणारा फरक नगण्य. ९६००एक्सबरोबरही कूलर नाही.

७६००च्या खोक्यात रेथ स्टेल्थ कूलर येतो. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) आधीच लावलेली असते, तिला बोट लावू नका, वर आणखी पेस्टही घालू नका. हा कूलर बसवण्याआधी बोर्डावर, प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या दोन्ही बाजूंचे प्लास्टिकचे ब्रॅकेट चार स्क्रू काढून बाजूला करावे लागतात. ते न काढता कूलर दाबत बसणारे बरेच असतात. मागची धातूची पट्टी एएम५ बोर्डावर (७६००चं सॉकेट एएम५ आहे) जागची हलत नाही, त्यामुळे ती धरायला दुसरा माणूस लागत नाही. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून थोडे थोडे आवळायचे. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर कूलर तिरका बसतो आणि तापमान पहिल्याच मिनिटाला वर जातं.

कूलर म्हणून तो कामापुरताच आहे. थंड खोलीत चालून जातो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याला दुपारी गेम खेळणार असाल, तर पंखा सतत पूर्ण वेगाने ओरडेल. प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. तिथे पोचला तर जळत नाही, स्वतःचा वेग कमी करतो. डीपकूल एके४००सारखा एका पंख्याचा टॉवर कूलर पुरेसा आहे. त्याची उंची १५५ मिमी; कॅबिनेटच्या माहितीपत्रात तेवढी जागा आहे का ते आधी बघा. सुरुवात मात्र खोक्यातल्या कूलरवरच करा, टॉवर उन्हाळ्यापर्यंत थांबू शकतो. पाण्याचा कूलर या प्रोसेसरला घेणं म्हणजे पैसे फेकणं.

आता बोर्ड. बी६५० किंवा बी८५० चिपसेटचा घ्या; या नावांवरून बोर्डाचा दर्जा कळतो. बी८४० हे नाव बी८५०च्या शेजारचं वाटलं तरी दर्जा स्वस्तातल्या ए६२०च्या जवळचा आहे. या प्रोसेसरला भारी व्हीआरएम (बोर्डावरचा, प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) लागत नाही, त्यामुळे त्या जाहिरातीवर जाऊ नका. दोन गोष्टी मात्र मॅन्युअलमध्ये शोधा. पहिली, चार छोटे दिवे: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (एसएसडी). पीसी सुरू होताना ते एकेक करून लागतात आणि विझतात; जिथे अडलं तिथला दिवा लागून राहतो. दुसरी, मागच्या बाजूचं बायोस फ्लॅशबॅकचं बटण. बायोस म्हणजे बोर्डातला, पीसी सुरू करणारा प्रोग्राम. पुढे नवा प्रोसेसर घातला आणि जुन्या बायोसने तो ओळखला नाही, तर या बटणाने पेन ड्राइव्हवरून बायोस चढवता येतो, तोही प्रोसेसर चालू न होता. एमएसआयच्या बी६५० गेमिंग प्लस वायफायवर दोन्ही आहेत. स्वस्तातल्या बोर्डांवर असतीलच असं नाही. एएमडीने एएम५ सॉकेट २०२७पर्यंत आणि पुढेही चालवण्याचं जाहीर केलेलं आहे, त्यामुळे बोर्डावर घातलेले पैसे दुसऱ्या प्रोसेसरच्या वेळीही कामी येतील.

या सॉकेटचा खरा धोका म्हणजे पिना. आधीच्या एएम४ सॉकेटमध्ये त्या प्रोसेसरला होत्या, एएम५मध्ये बोर्डाला आहेत: १७१८, केसासारख्या बारीक. वाकलेल्या पिनेवर वॉरंटी मिळत नाही. बोर्डाचं खोकं उघडतानाच सलग व्हिडिओ काढा आणि प्रोसेसर ठेवण्याआधी उजेडात सॉकेटचे फोटो घ्या. प्रोसेसरवरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून तो नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. काळं प्लास्टिकचं झाकण आधी काढू नका. दांडी खाली नेताना ते आपोआप उडतं. दांडीला जोर लागतो आणि करकर आवाज येतो, तो येणारच. ते झाकण फेकू नका, बोर्ड कधी वॉरंटीत पाठवायचा झाला तर सॉकेटवर तेच लावून पाठवावं लागतं.

रॅमच्या बाबतीत वेळ वाईट आहे. २०२५च्या शेवटच्या महिन्यांपासून भाव असे चढले, की अनेक कोटेशनांत रॅमची एकच काडी (स्टिक) दिसू लागली. तरी १६ जीबीच्या दोन काड्या, डीडीआर५-६००० (वेग), सीएल३० (प्रतिसादाचा उशीर), एक्स्पो (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) लिहिलेल्या, हाच योग्य संच आहे. ८ जीबीच्या दोन काड्या घेऊन पुढे आणखी दोन घालू, हा बेत सोडा: डीडीआर५च्या ८ जीबी काड्या मुळातच थोड्या संथ असतात, आणि एएम५वर चार काड्या लावल्या की अधिकृत वेग ३६००वर उतरतो. पैसे कमी पडत असतील तर एसएसडी १ टीबीऐवजी ५०० जीबीची घ्या, दिव्यांचे पंखे सोडा. एसएसडी नंतर सहज वाढवता येते. दोन काड्यांचा आणखी एक उपयोग म्हणजे संशय आला तर एकेक लावून बघता येते.

सगळं कॅबिनेटमध्ये बसवून मगच बटण दाबायचं, असं बरेच व्हिडिओ दाखवतात. तसं करू नका. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या खाचेत एक काडी (दोन असतील तेव्हा दुसरी आणि चौथी). कूलरच्या पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवर. एसएमपीएसची २४ पिनांची केबल आणि वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरची ८ पिनांची. कार्ड नाही, एसएसडीही नाही. मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला. मग पॉवर स्विच लिहिलेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र टेकवा.

पंखा फिरेल, डीरॅमचा दिवा लागेल आणि पुढे काहीच होणार नाही. याच ठिकाणी लोक घाबरून वीज बंद करतात. डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमची चाचपणी करत असतो, त्याला काही मिनिटं लागतात, आणि मध्ये बंद केलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दहा मिनिटं हात लावू नका. त्यानंतरही दिवा तसाच असेल तर काडी काढून पुन्हा दोन्ही टोकांना टक्‌ आवाज येईपर्यंत बसवा, मग दुसरी काडी, मग दुसरी खाच. सीपीयूचा दिवा लागून राहिला तर वरची ८ पिनांची केबल पूर्ण बसली आहे का ते आधी बघा. बहुतेकदा तीच राहिलेली असते. बायोसचा डिस्प्ले आला की बंद करून दुसरी काडी, मग एसएसडी, आणि कार्ड सगळ्यात शेवटी, कॅबिनेटमध्ये गेल्यावर. तेव्हा डिस्प्ले गेला, तर दोष कुठे आहे हे शोधावं लागत नाही.

एसएमपीएसवर ‘८० प्लस ब्रॉन्झ’ लिहिलेलं असतं ते वीज किती वाया जाते त्याबद्दल. आतल्या मालाची हमी त्यातून मिळत नाही. पाच वर्षांची वॉरंटी असलेला, ५५० वॉटचा नावाजलेल्या कंपनीचा घ्या. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा वापरू नका. प्रोसेसरची ८ पिनांची केबल ४+४ अशी फुटते, कार्डाची ६+२. एक दुसरीच्या जागी जोर लावून बसवायची नाही. केबल सुट्या होणारा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कंपनीच्या केबल त्याला लावू नका, टोक जुळलं तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो आणि एसएसडी, बोर्ड दोन्ही जळू शकतात. जुन्या चाळींत, इमारतींत प्लगला अर्थिंग नसतं; कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर एसएमपीएस परत करण्याआधी वायरमनला बोलवा. वीज जाणाऱ्या भागात ६०० व्हीएचा यूपीएस खेळताना अपुरा पडेल, हजाराच्या पुढचा बघा.

कार्डात एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी या प्रोसेसरला शोभतं: जून २०२५चं, १६० वॉटचं, १०८०पी आणि १४४०पी दोन्ही रिझोल्युशनना पुरतं. याच नावाने ८ जीबीचंही विकलं जातं, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०६० टीआयचंही तसंच. कोटेशनवर जीबी लिहून घ्या. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबीमुळे मोहात पाडतं आणि ७६००बरोबर ठीक चालतं, जुन्या प्रोसेसरवर मात्र घेऊ नका. कॅबिनेट पुढून जाळीचं, बस्स.

विंडोज ११ टाकण्याआधी बायोसमध्ये एक्स्पो चालू करा, नाहीतर ६०००ची रॅम ४८००वरच चालत राहते आणि कुणी सांगतही नाही. व्हॅलोरंट हा गेम खेळायचा असेल तर सिक्युअर बूट आणि टीपीएम (सुरक्षेच्या दोन सेटिंग) हेही तेव्हाच चालू करा. बोर्डाच्या वायफायचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर आधीच घेऊन ठेवा. विंडोज सुरुवातीलाच इंटरनेट मागतं. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असला तरी सेटिंगमध्ये ६०वरच असतो, तो बदला.

खरेदी करताना बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर आणि जीएसटी हवा. ७६०० खोक्यातलाच मागा. सुटा, ट्रे म्हणून विकला जाणारा घेतलात तर कूलर जातो आणि वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर राहते. लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात.

आणि घरी आधीच एएम४चा बोर्ड, डीडीआर४ रॅम असेल, तर हे सगळं सोडा. बायोस नवा करून त्याच बोर्डात रायझन ५ ५६०० टाका (५५०० नको, त्यात कॅश निम्मी आणि पीसीआयई तिसऱ्या पिढीचं) आणि वाचलेले पैसे कार्डात घाला.